परसातला फणस
पिकल्या फणसाचा वास आला की मला मानवतच्या घरातली एक कडाक्याची सकाळ आठवते. कोकणातून आलेल्या माझ्या वहिनीनं परसात फणसाची आठळी लावली होती, पण गुडघाभर वाढलेलं रोप थंडीनं काळवंडायला लागलं होतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या तणावात एसट्या बंद होत्या, म्हणून संक्रांतीला तिचं माहेरी जाणंही राहिलं होतं. त्या सकाळी ती परसात गेली, तर वडिलांची घोंगडी रोपाभोवती गुंडाळलेली आणि ते शेकोटीपाशी कुडकुडत बसलेले. "मामा, तुम्ही काय पांघरलंत मग?" तिनं विचारलं. एरवी सुनेशी फारसं न बोलणारे वडील म्हणाले, "मला सवय हाय, पोरी. ते लेकरू परमुलखातून आलंय." वहिनी तोंडाला पदर लावून रडली. आता वडील नाहीत. झाडाला एकदाही फळ धरलं नाही, तरी वहिनी त्याला कुणाला हात लावू देत नाही.