मीठा बंद

माझी शुगर वाढली तेव्हा आई नुकतीच साताऱ्याहून भोपाळला, माझ्या कोलार रोडच्या घरी राहायला आली होती. तिच्यासमोरच डॉक्टर म्हणाले, ‘‘मीठा बंद, चावल आधा.’’

आईने भात निम्मा केला. पण वरण-भाजी अळणी लागायला लागली, आणि चहा गोडच. तिसऱ्या दिवशी मी भडकलो, ‘‘मीठ कुठाय?’’

‘‘डॉक्टरांनीच बंद केलंय ना!’’

‘‘आई, मीठा म्हणजे गोड गं!’’

‘‘होय का? बरं झालं. म्हणजे आता मलाही मीठ खाता येईल.’’



आता चहात साखर नाही. भात मात्र आई अजूनही स्वतःला निम्माच वाढते. शुगर मला आहे, तिला नाही. तिच्या ताटातल्या त्या अर्ध्या मुदीला मी रोज मनोमन नमस्कार करतो.