फोगेलसाहेबांचं नाक

…तर शुभे, पेत्रेनं पहार घालून तो दगड उभा केला, तिथं आपण काल थांबलो.

पेत्रे मुंत्यानु म्हणजे रुमानियाचा मूर्तिकार, युद्धानंतर जर्मनीत आलेला. १९५८ साली मी कायझर्सलाउटर्नला फिटरचं काम शिकायला गेलो आणि पुढं पाच वर्षं त्याच्या कामाच्या शेडवरच्या माडीवर राहायचो. हा गडी माणसाचं दुःख घडवायचा. त्याच्या एका विधवेला तोंडच नव्हतं, नुसती रिकामी ओंजळ. गावातल्या बाया तिच्यापुढे उभ्या राहून डोळे पुसायच्या. आणि खाली नाव कुणाचं? मालकाचं! फोगेल हा जुना नावाजलेला मूर्तिकार, पण म्हातारपणी हात थरथरायला लागलेले. पेत्रेच्या जर्मनीत राहायच्या परवान्यावर सही त्याची, म्हणून पेत्रे गप्प. दात मात्र असे खायचा की मला माडीवर ऐकू यायचं!

मग फोगेलला चौकातल्या बागेत स्वतःचा अर्धपुतळा हवासा झाला. दगड तिकडचाच, तांबडा. खाणीत तो थरावर थर असा निजलेला असतो, अन् घडवतानाही थर आडवेच ठेवायचे. हे मला पेत्रेनंच शिकवलेलं. त्यानं ते उभे केले, अगदी चेहऱ्याला समांतर.

मी म्हटलं, "अहो पेत्रे, उलटं झालं की!"

"जा, जा, दिनकर. चेहरा लवकर सुटेल."

असा हुबेहूब उतरला म्हणतेस, फोगेलची बायको चक्क लाजली! फोगेल आरशापुढे उभं राहावं तसा बघत राहिला. थरांकडे बघतोय कोण? शिवाय पुतळ्याखाली कोरायला लावलं, 'फोगेल, स्वतःच्या हातानं'. तेही पेत्रेकडूनच! पेत्रेनं अक्षरं चांगली खोल खोदली.

थंडीत थरांमध्ये पाणी शिरलं आणि गोठलं. पहिल्यांदा नाक गेलं, मग भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा गाल. पोरं त्याला बर्फाचं नाक लावायची. पेत्रे रविवारी ठेवणीतला कोट घालून बघायला निघायचा, मला हाक मारून.

तोवर त्याला स्वतःचा परवाना मिळाला होता. त्रेसष्टच्या मार्चात फोगेल तणतणत शेडमध्ये आला. मी जिन्यातच उभा.

"थर उभे लावलेस! मुद्दाम लावलेस! मी सगळ्या गावाला सांगेन!"

पेत्रेनं छिन्नी ठेवली, हात पुसले.

"सांगा ना, फोगेलसाहेब. फक्त आधी हे सांगा, की तो मी घडवला."