पडद्याला आवाज देणारे सर

पडद्यावरच्या बेडकाला आमच्या वडगावच्या अस्सल बोलीत बोलायला लावील असा शिक्षक उभ्या सीमाभागात आमच्या शाळेखेरीज कुठे झाला नाही. ते आमचे अतिथी शिक्षक, म्हणजे मुख्याध्यापकाने होय म्हटले तरच दर जूनला पुन्हा येणारे. तो मुख्याध्यापक मी. आमच्या मराठी शाळेला कुणा दानशूराने स्मार्ट बोर्ड दिला, पण त्यातले विज्ञानाचे धडे निघाले कन्नड आणि इंग्रजीत. आमची मुले बाजारात कन्नडमधून भाव पाडतील, पण आतड्यांचे काम त्यांना त्या भाषेत उमगेना. सरांनी सरळ बोर्डाचा आवाज बंद केला आणि शेजारी उभे राहून स्वतःच बोलू लागले. जठर घोगरे बोले, लहान आतडे चिरक्या आवाजात कुरकुरे, "आरं, चावून तरी पाठीव की रं! समदं माझ्याच डोस्क्यावर?" एक मुलगा विचारी, "सर, बेडकाची बायको काय म्हनती?" सर म्हणत, "ती नापास पोरांशी बोलत न्हाय. बस खाली!" ज्वालामुखीच्या धड्याला ते असे खोकले, की शेजारच्या घरातली म्हातारी चालता माग सोडून तांब्याभर पाणी घेऊन धावत आली. पाहते तर मुले हसून लोळताहेत आणि सर लाव्हा होऊन फरशीवर पसरलेले.

बोर्डावर त्यांचा जीव होता. त्यावर घालायला त्यांनी घरच्या मागावरच्या डागी साडीचा पडदा शिवला होता. आमच्याकडे वीज गेली की परतताना कधीकधी भलतीच उसळून येते. म्हणून तास संपला की ते बटण बंद करत, प्लग उपसत, तो वर्गाला दाखवत आणि म्हणत, "बघा रं, झोपला." सगळा वर्ग ओरडे, "झोपला!" मी चेष्टा करायचो, "मास्तर, बोर्ड आहे तो, तान्हं पोर नव्हे." ते म्हणत, "पोराला दवाखाना हाय, सर. ह्याला कोण हाय?"

एका रविवारी मी शाळा कमिटीच्या दोघांना घेऊन त्याच बोर्डावर क्रिकेटचा सामना पाहत बसलो. ऐन रंगात वीज गेली. आम्ही चरफडत कुलूप लावले आणि घरी गेलो. सोमवारी सरांनी दार उघडले तेव्हा खोलीभर जळका वास होता आणि बोर्ड जळून गेला होता. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारले, "किल्ली कोणाकडे असते?" मी म्हणालो, "सरांकडे." हे खरेच होते. दुसरी किल्ली माझ्या खिशात होती, तेवढे मी बोललो नाही. कमिटीचे दोघे छताकडे पाहत राहिले. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, झोपवला न्हाईसा व्हय?" सरांनी फक्त माझ्याकडे पाहिले. पुढच्या जूनला मी होय म्हटले नाही.

आता ते दुसऱ्याच्या यंत्रमागावर असतात. त्या खडखडाटात ओरडून बोलून त्यांचा आवाज पार बसला आहे. गेल्या महिन्यात मी तिथे गेलो आणि सगळे सांगून टाकले. त्यांनी माग थांबवून ऐकले.

"ठावं हाय मला. शनवारी खोली झाडून गेलतो. सोमवारी बाकाखाली शेंगांची टरफलं."

"मग बोलला का नाही?"

"बोलून? जूनला तुमच्याच दारात यायचं हुतं की, सर." मग म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे. पोरांस्नी तेवढं सांगा. त्यांस्नी वाटतंय, मी इसरलो." आणि माग सुरू केला.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत, एका फौंड्रीच्या फाटकाशी त्या वर्गातला एकजण गाठला; आता तो तिथेच कामाला आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे आमी वाटंत सरांस्नी बगून तोंड फिरवत हुतो, ते?"

बाकीच्यांचे पत्ते मला मिळत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर सांगतो, सर विसरले नव्हते. त्यांचे घर तेच आहे. संध्याकाळी कामावरून आले की ते दारात बसलेले असतात.