खुंटीची गैरसोय

चार तारांच्या गिटारवर दोन वर्षं काढलेल्या धाकट्या भावाला ताईने त्याच्या सतराव्या वाढदिवसाला उरलेल्या दोन तारा आणून दिल्या, तर तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "चारांत बसवलेली गाणी आता सहांत कुठे बसवू? निदान विचारायचंस तरी!"

ताईने कपाळाला हात लावला. तिथून पुढे पस्तीस वर्षं तो हात फारसा खाली आला असं काही म्हणता येणार नाही.

वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, फ्रेमांची कपाटं, आरसा आणि भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मागे एक चिंचोळी खोली. तिथे काचा घासायचं यंत्र होतं. दगडी चाक फिरायचं, वरून पाण्याची बारीक धार पडायची आणि काच फ्रेमच्या मापाची होईपर्यंत चाकाला लावून धरावी लागायची. वडील थकल्यावर पुढची बाजू ताईकडे आली आणि मागची भावाकडे. काच घासण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण तो घासता घासता गुणगुणायचा, आणि मध्येच काच टाकून भिंतीवरची गिटार काढायचा. गिऱ्हाईक बाहेर डोळे मिचकावत बसलेलं असायचं.

"लोकांना दिसावं म्हणून आपण धंदा मांडलाय," वडील म्हणायचे, "आणि ह्याला समोर बसलेला माणूस दिसत नाही!"

त्याला सगळे खुंटी म्हणायचे, कारण गिटारच्या खुंट्या पिळणं हाच त्याचा अर्धा दिवस. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक खोलीला स्वतःचा एक सूर असतो. कुठे फ्रीजचा, कुठे पंख्याचा, कुठे ट्यूबलाइटच्या चोकचा. "खोली आधीपासून गातच असते, ताई. आपण तिच्याशी भांडून कसं चालेल?" म्हणून कुठेही गेला की तो आधी डोळे मिटून खोली ऐकायचा आणि मग तारा तिच्याशी जुळवायचा. मागच्या खोलीत यंत्राची घरघर होती, पेटीच्या पांढरी चारच्या किंचित खाली. तोच त्याचा घरचा सूर. त्याची बहुतेक गाणी त्या घरघरीवर उभी होती.

गाणी तो काचांच्या पाकिटांवर लिहायचा. एकदा एक शिक्षिका तणतणत दुकानात आल्या. "माझ्या चष्म्याच्या पाकिटावर हे काय लिहिलंय? 'तुला बघता बघता माझा नंबर वाढत गेला'?" ताईने माफी मागून पाकीट परत घेतलं. खुंटी आतून ओरडला, "सापडलं का? मी दोन दिवस शोधतोय!"

बँड तिघांचा होता. ड्रम वाजवणारा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता आणि बेस गिटार वाजवायचा पोस्टमन. रस्ता खणलेल्या ठिकाणी 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' अशी पाटी लागली होती. ती बघून खुंटीने बँडचं नाव ठेवलं 'गैरसोय'. ड्रायव्हर म्हणाला, "नाव छान आहे. दिलगिरी मात्र तुझ्यात औषधालाही नाही."

ते खरंच होतं. एका मोठ्या स्पर्धेत त्यांना वीस मिनिटं मिळाली होती. हॉलला आठ पंखे, आणि आठही वेगवेगळ्या सुरांत घुमणारे. खुंटी स्टेजवर उभा राहून ऐकत राहिला. मग माइकवर म्हणाला, "पंखे बंद करा." कोणी बंद करेना. दहा मिनिटं गेली. लोक आधी हसले, मग टाळ्या पिटायला लागले, मग शिट्या. ड्रायव्हर ड्रममागून दात-ओठ खात म्हणाला, "अरे बाबा, एवढ्या वेळात मी दोन पेशंट पोचवले असते!" शेवटी व्यवस्थापकाने वैतागून पंखे बंद केले, आणि घामाने चिंब झालेले अर्धे लोक उठून गेले. जे उरले त्यांच्यासमोर गैरसोयने अकरा मिनिटांचं एकच गाणं वाजवलं. मधेच वेळ संपली, तरी कोणी थांबवलं नाही. ताई तिसऱ्या रांगेत होती. तिच्या शेजारची बाई पदराने वारा घ्यायची थांबली होती, ती गाणं संपलं तरी तशीच बसून होती. बक्षीस अर्थातच दुसऱ्यांना गेलं.

पण रेकॉर्ड कंपनीचा एक साहेब त्या उरलेल्यांत होता. त्याने तिघांना स्टुडिओत बोलावलं. भिंतींना जाड स्पंज, बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. खुंटी चार तास गिटार मांडीवर घेऊन बसला आणि एक स्वर वाजवला नाही. "ही खोली मेलेली आहे," तो म्हणाला. "हिच्यात मी काय वाजवू?"

साहेब भला माणूस. त्याच्या जागी दुसरा असता तर ह्याला दार दाखवून मोकळा झाला असता. त्याने विचारलं, "मग जिवंत खोली कुठे आहे?" आणि चक्क यंत्रसामग्री घेऊन तो चष्म्याच्या दुकानात आला. ताईने 'दोन दिवस बंद' असा बोर्ड लावला. ड्रम काउंटरजवळ मांडले, पोस्टमन तपासणीच्या खुर्चीत बसला आणि खुंटी मागे, यंत्रापाशी. यंत्र चालू ठेवायचं काम ताईकडे आलं. चाकाला काच लावली की घरघर किंचित खाली उतरते, काढली की वर चढते. खुंटी मानेने खूण करायचा आणि ताई एक मोडकी काच चाकाला लावायची, काढायची. पहिल्या दिवशी तिच्या चुका झाल्या. दुसऱ्या दिवशी खूण व्हायच्या आधीच तिचा हात हलायला लागला. आठ गाणी झाली. बोटं पांढऱ्या चिखलाने माखलेली, कंबर मोडलेली, आणि ताईला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपला भाऊ वेडा असेलही, पण ह्या वेडाला बूड आहे.

महिन्याभराने साहेबाने तयार झालेली गाणी ऐकायला बोलावलं. खुंटी उभ्यानेच ऐकत होता. पहिलं गाणं संपायच्या आत त्याने विचारलं, "यंत्र कुठे गेलं?"

"काढलं!" साहेब खुशीत म्हणाला. "आमच्या माणसाने तीन आठवडे खपून घरघर काढली. बघा, आवाज कसा स्वच्छ झाला."

"मग ही गाणी उभी कशावर आहेत?"

"अहो, लोक गाणं ऐकायला घेतात. घरघर ऐकायला कोण घेईल?"

खुंटीने करारावर सही केली नाही. साहेबाने समजावलं, पोस्टमनने गळ घातली. ड्रायव्हर तर दुकानासमोरच्या फुटपाथवर त्याच्या अंगावर धावून आला. "बारा वर्षं! ड्यूटी संपली की झोप सोडून तुझ्या खोल्या ऐकत बसलो मी! एक सही करायची आहे. बोटं झडणार आहेत का तुझी?"

"झडली असती तर बरं झालं असतं," खुंटी म्हणाला. "निदान कारण तरी मिळालं असतं तुला सांगायला."

ड्रायव्हर त्या दिवशी गेला तो गेलाच. पुढे तो हॉटेलांत मेजवान्यांना वाजवणाऱ्या एका पार्टीत लागला. पोस्टमनला जुळी मुलं झाली आणि त्याची बेस गिटार कपाटावर चढली.

आठवड्याने ताई न राहवून म्हणाली, "जरा नमतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

खुंटी काच घासत होता. मान वर न करता म्हणाला, "चेहऱ्याला शोभतो म्हणून तू कोणाला चुकीच्या नंबरचा चष्मा देशील?"

ताईला आणखीच राग आला.

मग नुसती वर्षं गेली. वडील गेले, आई गेली. खुंटीने शिकवण्या सुरू केल्या, तर त्याच्या शिस्तीप्रमाणे पहिले तीन महिने फक्त ऐकायचं, गिटारला हात लावायचा नाही. एका मुलीची आई दुकानात येऊन ताईलाच म्हणाली, "आमची पोरगी घरभर फिरून फ्रीज आणि मिक्सर बेसूर असल्याचं सांगते. ती गिटार कधी शिकणार?" शिकवण्या बंद पडल्या. त्याला हॉटेलात वाजवायला बोलावलं, तर लिफ्टच्या मोटरवरून त्याचं मॅनेजरशी वाजलं. दर वेळी मधे पडायला ताई. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून तिचेच हात दुखायला लागले. "हा माझा भाऊ आहे की मला लागलेला नंबर?" ती नवऱ्याला म्हणायची. "दर वर्षी वाढतोच आहे."

त्याच्या बावन्नाव्या वर्षी ताईच्या लक्षात आलं की दारावरची घंटी वाजली तरी आतून ओ येत नाही. ती त्याला ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. खुंटी पाच मिनिटांनी हेडफोन काढून म्हणाला, "तुमचं यंत्र उतरलंय."

"काय झालंय?"

"खालचे सूर हवेत त्यापेक्षा किंचित खाली वाजतायत. तपासून घ्या."

डॉक्टरबाई हसल्या. पण बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी खरंच माणूस बोलावून यंत्र तपासलं आणि आठवड्याने स्वतः फोन केला. खुंटीचं बरोबर होतं. मात्र वरचे सूर त्याला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकूच येत नव्हते. "वर्षानुवर्षं मोठ्या आवाजाच्या यंत्रापाशी बसलात," त्या म्हणाल्या. "कानाला काही लावत नव्हता ना? त्यात ते ड्रम, ते ॲम्प्लिफायर."

बाहेर आल्यावर ताई पायऱ्यांवर थबकली. ज्या घरघरीसाठी ह्याने सगळ्यावर पाणी सोडलं, तिनेच कान खाल्ले. आणि चाकाला काचा लावून लावून ती घरघर वर-खाली करत बसलेली कोण, तर आपण. ती काही बोलणार, तोच खुंटी म्हणाला, "म्हणजे मागच्या दोन वर्षांत केलेली गाणी बेसूर असणार. बापरे. परत बघायला हवीत."

कानात घालायचं यंत्र आणलं. त्यात माणसं नीट ऐकू यायची आणि गिटार मात्र पत्र्याच्या डब्यासारखी. ते बनवणाऱ्या कंपनीला त्याने सात पत्रं लिहिली. सातही पत्रांना एकच छापील उत्तर आलं. यंत्र ड्रॉवरमध्ये गेलं. मग एक दिवस ताई मागे गेली तर खुंटी गिटार हनुवटीखाली दाबून, जबडा लाकडाला टेकवून बसला होता. "हाडांतून कळतंय," तो दातांवर दात ठेवून म्हणाला. "सगळं नाही. पण बरंच."

त्यात एकच अडचण होती. जबडा लाकडावर टेकला की तोंड उघडत नाही. त्याला वाजवता येत होतं, पण गाता येत नव्हतं.

"तू गा," तो म्हणाला.

"मी? माझा आवाज दुकानाच्या शटरसारखा आहे!"

"म्हणूनच. तो मला ऐकू येतो."

ताईने साफ नाही म्हटलं. तीन आठवडे नाही म्हटलं. चौथ्या आठवड्यात, केवळ त्याची कटकट थांबावी म्हणून, दुपारी दुकान बंद असताना ती मागच्या खोलीत स्टुलावर बसली आणि त्याने पाकिटावर लिहिलेली ओळ गायली. 'दारावर "ओढा" लिहिलं होतं, मी ढकलत राहिलो.' खुंटीने हात वर केला. "परत." ती परत गायली. "'लिहिलं'वर घाई करू नकोस." परत. "आता उतरलीस." परत. एक तास झाला तरी गाणं दुसऱ्या ओळीवर गेलं नव्हतं. ताईने पाकीट त्याच्या अंगावर फेकलं, "बहिरा माणूस मला सूर शिकवतोय!" असं म्हणून पुढे निघून गेली आणि फ्रेमांचं अख्खं कपाट उगाचच पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. का, ते तिला नवऱ्यालाही सांगता आलं नाही.

सात महिन्यांत तीन गाणी झाली. पोस्टमन आता निवृत्त झाला होता. त्याने कपाटावरून बेस उतरवला आणि वाचनालयाच्या खोलीत एका रविवारी दुपारचा कार्यक्रम ठरवला. ड्रायव्हरला निरोप धाडला होता, पण तो आला नाही. तीसेक माणसं होती, त्यांतली दहा तरी पेपर वाचायला आलेली. ट्यूबलाइटच्या सुराशी तारा जुळवायला खुंटीने अठरा मिनिटं घेतली, तीही भिंतीला कान नव्हे, गाल लावून. मग तो जबडा टेकवून वाजवायला लागला आणि ताई गायली. तिचा आवाज खरखरीत होता, पण घसरला नाही. तिसऱ्या गाण्याला पेपरवाल्यांनीही पेपर खाली ठेवले. टाळ्या झाल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढे येऊन ताईचा हात हातात घेतला आणि मग पेपर काखेत मारून ते गेले.

परतताना ती भावाच्या तोंडाकडे बघत होती. एवढ्या वर्षांत कौतुकाचा एक शब्द तरी? अर्धा तरी?

"तिसऱ्या ओळीला उतरलीस," खुंटी म्हणाला. "उद्या दुपारी लवकर बसू."

"उद्या मला गिऱ्हाइकं आहेत!" ताई भर रस्त्यात ओरडली. तिला वाटलं त्याला ऐकू गेलं नसेल, म्हणून ती तेच आणखी मोठ्याने ओरडली. पोस्टमन बेस सांभाळत चार पावलं मागे राहिला.

"ऐकलं," खुंटी म्हणाला. "मग परवा."

परवा ते बसले. चौथं गाणं अजून पहिल्या ओळीवरच आहे.