नणंद जांभळी होते

माझी मावशी मत्स्यालयात पाट्या रंगवते. वर माशाचं चित्र, खाली नाव. मुळात हे काम काकांचं. ते गेले, मावशीनं त्यांचा ब्रश उचलला आणि बारा वर्षं पाटीच्या कोपऱ्यात सहीसुद्धा त्यांचीच करत राहिली. बाई भारी हट्टी!

प्रवाळाच्या टाकीत बोटाएवढ्या नारिंगी माशांचा नवा कळप आला. त्यातला एकुलता नर प्रवासातच मेला होता. उरलेल्यांत सगळ्यांवर डाफरणारी, शेपटीला खाच असलेली एक होती, तिचं नाव मावशीनं ठेवलं ‘नणंद’. मावशी काचेवर ब्रश धरून माप घेऊ लागली की ही त्या लाल दांड्याला चावायला धावायची.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मावशी महिनाभर रजेवर गेली. ती कामावर परतली त्या दिवशी डोळ्यांत थेंब घालायला मी सोबत होते. तिथे नुसती लगीनघाई! कळपात एक जांभळा मासा अवतरला होता आणि नवे साहेब (अभ्यास सगळा शार्कचा!) हवेत तरंगत होते.

“बाई, नवीन जात सापडली! शुक्रवारी पत्रकार येतायत. पाटी करा.”

मावशीनं काचेला नाक लावलं. “साहेब, ही तर आमची नणंद.”

“ती नारिंगी होती ना? तुमचे डोळे अजून... नसेल जमत तर पाटी छापून घेऊ. यापुढे सगळ्याच.”

नोकरीच चालली की! मी मावशीला कोपरानं ढोसलं, रंगव ना गपचूप!

तिनं पिशवीतून ब्रश काढला आणि काचेला लावला. जांभळे महाराज सुसाट आले, लाल दांड्यावर तोंड मारू लागले. वळले, तर शेपटीला खाच! मी टाळ्याच पिटल्या.

साहेबांनी पुस्तक उघडलं. जांभळा शोधताना नारिंगी माशाचं पान त्यांनी बघितलंच नव्हतं. तिथे चक्क चित्रासकट छापलेलं होतं: नर मेला की कळपातली दांडगी मादी स्वतःच नर होते, रंगही बदलते. साहेबांचे कान लाल झाले, आणि मग तेच खो खो हसत सुटले.

“पण हिला कळतं कसं हो, की आता आपली पाळी?”

“घरातला कर्ता गेला की कुणाला तरी व्हावंच लागतं,” मावशी रंग कालवत म्हणाली. “मी नाही का झाले?”

शुक्रवारी पाटी लागली. एकच नणंद, दोन रंगांत. मी कोपऱ्यात बघितलं आणि पत्रकारांसमोर किंचाळलेच. सही मावशीची होती.