लाल डोळ्याचा पोपट

नलिनीबाईचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापते. बाई चांगली होती म्हणूनच तापते. वाईट माणसावर रागावून मोकळं तरी होता येते, हिच्यावर कुठून रागावणार?

आमचं घर पांढुर्ण्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत. मधली एक भिंत सोडली की पलीकडे पुंडलिकराव, नलिनीबाई आणि त्यांची एकुलती एक पोट्टी रजनी. पुंडलिकराव नगरपालिकेत नळाच्या खात्यात. दिवसभर लोकांचे नळ, संध्याकाळी पेपर. घरात काय चाललं आहे ते त्यांना विचारूच नका. नलिनीबाईच्या हाताला मात्र चैन कशी ती नव्हती. क्रोशाची सुई, लोकर, मणी, कापूस, काही ना काही हातात असायचंच. आणि केलं की देऊन टाकायचं. गल्लीत कोणाचं बारसं असो, वास्तू असो, डोहाळेजेवण असो, बाई निघालीच पदराखाली काहीतरी झाकून.

माझ्या रेडिओला तिनं असलं जाड झाकण विणून दिलं होतं की बातम्या ऐकायच्या तर आधी रेडिओचे कपडे काढावे लागत. माठाला टोपी, शिलाई मशीनला झगा. मी एकदा चिडून म्हटलं, "नलिनीबाई, आता आमच्या ह्यांचं टक्कल तेवढं राहिलं हो." तर पुढच्या आठवड्यात टोपी हजर! राखाडी रंगाची, कानावरून बांधायची. आमचे हे ती थंडीभर घालून फिरले आणि वरून मलाच म्हणे, "पाहा, शिका काही."

लोकांना कदर होती असं समजू नका. घेताना "अगं बाई, किती सुंदर!" आणि मग पाहावं तर पांढराशुभ्र रुमाल गरम कढईखाली. एकदा तिनं स्वतःच्या डोळ्यांनी असं पाहिलं. घरी जायच्या आधी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "प्रमिला," म्हणे, "महिना लागला होता वं मले त्याले."

"मंग कायले देता?" मी खेकसली. "कोनी मागाले आलं होतं का तुमच्याकडे?"

"द्यायसाठीच तं करते. घरात ठेवून काय करू?"

चार दिवस रुसली आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुई घेऊन बसली. असल्या बाईला काय बोलायचं, सांगा. पण हेही सांगते, ती मणी ओवायला बसली की तिचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं. मण्यांच्या पक्ष्याची मान वळवणं सगळ्यांत कठीण असते. दोरा जरा जास्त ओढला की मान मोडल्यासारखी पडते, ढिला सोडला की लोंबते. दहादा उसवायची, स्वतःलाच शिव्या घालायची. आणि जमलं की भिंतीवरून ओरडायची, "प्रमिला, ये वं लवकर, मान वळली!" मीही वेडी, तव्यावरची पोळी टाकून पळायची.

रजनीला ह्यातलं काही म्हणता काही येत नव्हतं. सुईत दोरा ओव म्हटलं तर तोंडात घालून घालून दोऱ्याचा चोथा करायची आणि हसत पळून जायची. खो-खोत मात्र कोणाच्या हाती लागत नव्हती. हसणं तर असं की आमच्या घरात भांड्यावरचं झाकण वाजावं. नलिनीबाई म्हणायची, "माह्या मागं हे कोन करन?" आणि रजनी म्हणायची, "बाजारात भेटते, आई. सारं बाजारात भेटते."

त्र्याऐंशी साली रजनीचं लग्न सौंसरला ठरलं. मुलगा रवींद्र, सोसायटीत नोकरीला. मागं दोन बहिणी, आई कारभारी. नलिनीबाईनं रुखवताला हात घातला तो वर्षभर. सुपारीचे नवरा-नवरी, कापसाची बदकं, क्रोशाची चादर, आणि सगळ्यांच्या वर काचेच्या मण्यांचं तोरण. हिरव्या पोपटांची ओळ, प्रत्येकाची मान वळलेली, प्रत्येकाला काळा डोळा. फक्त शेवटच्या पोपटाचा डोळा लाल.

"मणी संपले का?" मी विचारलं.

"संपले नाही. तीट आहे ती. लेकराले नाही का लावत आपण? चांगल्या वस्तूलेही दृष्ट लागते. एक खोट ठेवली की मंग लागत नाही."

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं आणि पुढं पाटी ठेवली, 'वधूची हस्तकला'. सगळेच ठेवतात. मी पाटी वाचली आणि रजनीकडे पाहिलं. मुंडावळ्या बांधलेली ती पोट्टी ओठ दाबून हसून राहिली होती. "वधूची कायची, वधूच्या मायची म्हणा," मी नलिनीबाईच्या कानात म्हटलं.

"चूप वं. रिवाज आहे तो. कोन खरं मानते?"

खरं मानणारी बाई मांडवातच होती. विहीणबाई आल्या, तोरणावरून बोट फिरवलं, एकेक पोपट पाहिला आणि रजनीची हनुवटी धरून म्हणाल्या, "हात सोन्याचे आहेत हो तुमच्या पोरीचे. आमच्या दोन पोरींचीही सोय झाली." नलिनीबाई हसली. तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण मांडवात, अक्षता पडायच्या आधी, कोणती माय असं सांगन?

पुढल्या वर्षी रजनीच्या मोठ्या नणंदेचं लग्न निघालं. नलिनीबाईनं मलाही ओढत नेलं. रुखवताच्या टेबलाजवळ गेलो आणि माझे पायच थांबले. मधोमध तेच तोरण. पुढं पाटी, 'वधूची हस्तकला'. मी वाकून शेवटचा पोपट पाहिला. डोळा लाल.

मी तोंड उघडणार तेवढ्यात नलिनीबाईनं माझं मनगट धरलं. तिनं माझ्या आधीच पाहिलं होतं.

रजनी पंगतीत वाढून राहिली होती. गळ्याची हाडं वर आलेली. आमच्यासमोर आली, वाढलं, आणि "बस का, काकू?" म्हणाली. बस! ज्या पोरीचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, तिनं मला पाहुण्यासारखं विचारलं. मागून विहीणबाई आल्या. आवाज कसा, तुपातला. "घरातलं घरातच कामी आलं, बाई. रजनी आता आमच्या धाकट्या उषासाठी दुसरं करन. हात तं तिचेच आहेत ना? पण रोज टाळून राहिली. मनावर घेत नाही."

परतीच्या बसमध्ये मी फणफणत होती. "आत्ताच्या आत्ता खरं सांगा. पाटी रिवाजाची होती म्हणा. फार तं फार चार दिवस बोलतील."

"खोटं बोलून पोरगी दिली म्हनतील," नलिनीबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "मंग जन्मभर तेच."

आणि बाई दुसरं तोरण करायला बसली, चोरून. तसे हिरवे मणी पांढुर्ण्यात मिळेनात म्हणून नागपूरहून मागवले. डोळ्यांना पाणी यायचं, बोटं फुटायची. एक दिवस भिंतीवरून हाक आली, "प्रमिला, ये वं, मान वळली!" मी गेली. तिचं तोंड फुललेलं. मग हे कोणासाठी आणि कशासाठी चाललं आहे ते तिला आठवलं, आणि तिनं तोरण मांडीवर पालथं ठेवलं.

घरी सांगितलं जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जातो. दर्शन घेतलं, मग सौंसरला गेलो. परसात रजनी भांडी घासत होती. नलिनीबाईनं पदराखालून पिशवी काढून तिच्या हातात दिली. "तू केलं म्हणून सांग. कोनाले कळत नाही." रजनीनं पिशवी घेतली आणि एवढ्या घाईनं आईच्या गळ्यात पडली की तिच्या हाताची राख नलिनीबाईच्या लुगड्याला लागली. मला वाटलं, झालं. सुटली पोट्टी.

तेवढ्यात विहीणबाई दारात. ओरडल्या नाहीत. चहा टाकायला लावला. तोरण उजेडात धरलं, पोपटामागून पोपट पाहत शेवटच्यापर्यंत गेल्या.

"हा एक डोळा लाल काऊन हो?"

रजनी चुलीकडे वळली.

"पहिल्या तोरणातही असाच होता. तेव्हा वाटलं चूक असन. एकच चूक दोनदा, एकाच जागी?" त्यांनी रजनीकडे पाहिलंही नाही. "हे पिशवीत आलं. म्हणजे पहिलंही तुमचंच."

नलिनीबाई हात जोडून म्हणाली, "रिवाजाची पाटी होती, विहीणबाई. माही चूक झाली. मी उषाचं सारं रुखवत करून देते. पोरीले काही म्हणू नका."

"मी कुठी काय म्हणून राहिली? राग नाही, बाई." त्यांनी परात मागवली, तोरणाचा दोरा कात्रीनं कापला आणि सगळं तोरण परातीत सोडलं. वर्षाचं काम सर्रकन मोकळं झालं. "मणी चांगले आहेत, वाया कायले घालवायचे? जिचं नाव पाटीवर होतं, तिनेच ओवावं. उषाचं रुखवत झालं की पाठवतो माहेरी."

काही मणी उडून जमिनीवर गेले होते. रजनी गुडघ्यावर बसून ते वेचत होती, आणि चहा उतू जाऊन राहिला होता.

त्यानंतर पोट्टी माहेरी आली नाही. नागपंचमी गेली, दिवाळी गेली, पुन्हा नागपंचमी. पुंडलिकराव दोनदा आणायला गेले आणि चहा पिऊन परत आले. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, "बाप आहात का पाहुणे? हात धरून आणा ना तिले!" पेपर खाली न करता म्हणतात, "नांदून तं राहिली ना, वहिनी." मला तो पेपर ओढून चुलीत घालावासा वाटला. आणि नलिनीबाईनं सुया, दोरे, मणी सगळं एका डब्यात बंद केलं. गल्लीतल्या बारशाला बाई पहिल्यांदा रिकाम्या हातानं आली. लोकांनी तिच्या पदराकडे पाहिलं. ती पाळण्याला झोका देऊन निघून गेली.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर रजनी आली. उषाचं लग्न ठरलं होतं, तोरण सोडून रुखवतही झालं होतं. लक्ष्मीपूजनाला नाही, पाडव्याला नाही, सगळे सण उरकल्यावर. तरी नलिनीबाईनं वडाभात केला, मला ओरडून बोलावलं. रजनी जेवली, हात धुतले, आणि पिशवीतून अर्धं तोरण काढून भिंतीला टेकून बसली. "जायच्या आधी पुरं करायचं आहे," म्हणाली. बस्स. आमच्याशी बोलली ती एवढीच.

बोटं काय चालत होती तिची! दोरा कुठे अडकत नव्हता, मणी कुठे सांडत नव्हता. बोटांची टोकं कडक, सुई लागली तरी हात हलत नव्हता. पाहता पाहता पोपटाची मान वळली, पहिल्याच झटक्यात. नलिनीबाईला दहादा उसवावी लागायची ती. मी नलिनीबाईकडे पाहिलं. बाईचं तोंड उजळलं होतं. मी खोटं सांगत नाही, उजळलं होतं. "मान वळली," ती हळूच म्हणाली. मग तिची नजर पोरीच्या बोटांवर गेली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

जायच्या आदल्या दिवशी शेवटचा पोपट झाला. फक्त डोळा राहिला. नलिनीबाई उठली, डबा उघडला आणि त्यातून एक लाल मणी आणून रजनीपुढं धरला.

"हा लाव. तीट."

"नको, आई. लाल दिसला की कापतील. मंग पहिल्यापासून ओवा लागते."

"आणि दृष्ट लागली तं?"

रजनीनं पहिल्यांदा मान वर केली. रागानं नाही, काही नाही. "दृष्ट लागाले तिथं आहे काय?" आणि तिनं काळा मणी ओवून गाठ मारली.

सकाळच्या बसला आम्ही सोडायला गेलो. नलिनीबाई लगबगीनं पाठीमागून आली, हात पदराखाली. मला वाटलं, केलंच शेवटी बाईनं काहीतरी. रजनीनंही पाहिलं. खिडकीतून हात बाहेर काढून तिनं आईचा पदर होता तिथेच दाबून धरला.

"काही देऊ नको, आई. तू दिलेलं वळखतात ते."

बस सुटली. नलिनीबाई तशीच उभी. मी म्हटलं, "चला, घरी चला," आणि तिचा हात धरायला पदर बाजूला केला. पदराखाली काहीच नव्हतं. हात नुसते सवयीनं झाकलेले होते.