मोठ्या दिवशी गळपटलेला

अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात अमेरिकन फुटबॉल आणला तो साहेबांनी. मूळचे पुण्याचे, बरीच वर्षं ह्यूस्टनला काढून मस्कतला आलेले. जेवणाच्या सुट्टीत ते मोबाइलवर जुने सामने लावत आणि क्वार्टरबॅकवर बोलत सुटत. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा गडी. मला खेळ आवडला. साहेब कधीच आवडले नाहीत.

"फायनल जिंकली का? नाही? मग तो थोर नाही. खलास."

माझा आवडता क्वार्टरबॅक वर्षानुवर्षं अचूक फेकत आला होता, पण एकुलती एक फायनल हरला होता. मी म्हणायचो, "सर, त्याचे आकडे बघा. त्या दिवशी त्याचे चेंडू झेलणाऱ्यांनी हातातून सोडले. तो काय करणार?"

"आकडे हरलेल्यांसाठी असतात," म्हणून ते हसत. ते हसणं माझ्या डोक्यात जायचं.

मग आमच्या पंपहाउसच्या आराखड्याचं सरकारी खात्यापुढे सादरीकरण आलं. पाइपचा व्यास साहेबांनी त्याच सकाळी स्लाइडवर बदलला आणि मला सांगितलंच नाही. माझ्या ड्रॉइंगवर जुना व्यास. समोरच्या ओमानी अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "यातलं खरं कोणतं?" मी साहेबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

वार्षिक मूल्यमापनाला त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "तुझी ड्रॉइंग्ज बिनचूक असतात, मान्य. पण मोठ्या दिवशी गळपटलास. तुझ्या त्या लाडक्यासारखा." बढती दुसऱ्याला गेली होती.

"स्लाइड तुम्ही बदललीत, सर."

"कारणं नकोत."

मी पेन उचललं आणि सहीच्या वरच्या जागेत लिहिलं: व्यास कुणी बदलला, कधी बदलला, मला कळवलं नाही.

"हे खोड."

"नाही खोडणार."

महिन्याभरात माझी बदली मस्कतपासून दूर, सहम गावच्या साइटवर झाली. निघताना त्यांनी सगळ्यांदेखत हात पुढे केला. मी दोन्ही हात खिशातच ठेवले. बायको घरी म्हणाली, "हात मिळवला असतास तर काय बिघडलं असतं?"

साहेबांवरचा राग अजून आहे, तो जाईल असं वाटत नाही. पण सादरीकरणाच्या त्या खोलीत "स्लाइडवरचा आकडा माझा नाही" एवढंच म्हणायचं होतं. तेही मला जमलं नाही, आणि त्याचा राग कुणावर काढायचा ते कळत नाही.